निळ्या बेडकांना मीठ

त्रिंबक मूळचा कन्नडच्या घाटातला, मेंढपाळाचा पोरगा. वाळूजला कारखाने आले आणि त्याच्या हातातली काठी जाऊन पाना आला. मशीन बसवायला आलेला जर्मन साहेब परत जाताना त्याच्याकडं एक काचेची पेटी सोपवून गेला. पेटीत शेवाळ, नेचे आणि अंगठ्याच्या पेराएवढे दोन निळेभोर बेडूक.

"रानात हे विषारी असतात, घरात वाढलेल्यांना विष नसतं," असं साहेबानं दुभाष्याकडून सांगितलं होतं. त्रिंबकाच्या बायकोला, सारजाबाईला, ते काही पटलं नाही. "विषाची परीक्षा कोण बघतंय?" म्हणून ती पेटीला बोटसुद्धा लावत नसे.

पाळी संपवून आला की त्रिंबक पेटीसमोर बसे. काचेवर दव धरलं की पलीकडं घाटातलं धुकं उतरे. त्या धुक्यात तो बोटभर होऊन नेच्यांखालून चाले. निळे बेडूक पुढं, हा मागं. कोण कुणाला वळतंय ते कळत नसे. चहा गार होई. वाळूजशेजारच्या रांजणगावात तो राहायचा; अख्ख्या गावात बेडूक वळणारा हा एकच शहाणा! पण जीव कुठं जडावा याला कायदा थोडाच आहे?

जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आला. कुणी आनंदात, कुणी रागात. जागोजागी पोलीस, आणि गाड्या बंद. बेडकांचं खाणं म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर बरणीत वाढवलेली चिलटं, आणि ती केळी यायची शहरातल्या शहागंजच्या बाजारातून. चौथ्या दिवशी बरणीतली चिलटं संपली. बेडूक कोपऱ्यात मलूल होऊन बसले.

त्रिंबकाला बाप आठवला. मेंढरू मलूल झालं की बाप खडकावर मीठ पसरायचा. मेंढरं चाटायची आणि पुन्हा चरायला लागायची. यानं पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि मोठ्या मायेनं पेटीभर शिंपडलं.

दुपारी एका बेडकानं पाय ताणले आणि तो उलटा पडला. त्रिंबकानं उचलून पाहिलं. मेला होता. त्याला रडू आवरेना.

सारजाबाई धावत आली. "काय घातलं व्हतं?"

"मीठ."

"मीठ? अवो, गोगलगाईवर मीठ टाकल्यावर काय व्हतं, ठाव नाय का? त्याची कातडी बी तसलीच वलसर! धुवा दुसऱ्याला, लवकर!"

त्रिंबकानं हात पुढं केले. बोटांच्या भेगांत मीठ पांढरं दिसत होतं. हात तिथंच थांबले.

"माझ्या हाताला मीठ हाय, सारजे."

सारजाबाई क्षणभर पेटीकडं बघत राहिली. मग तिनं बांगड्या मागं सारल्या आणि उघड्या हातानं बेडूक उचलला. माठातलं पाणी वाटीनं थेंब थेंब सोडत राहिली. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या. ती हलली नाही. तिच्या तळव्यावर एक निळा ठिपका पडून होता, आणि त्रिंबकाला वाटलं, आपण दोघंही त्याच नेच्यांखाली उभे आहोत.

"थंडगार हाय," ती हळूच म्हणाली. "पर धुगधुगी हाय वो."

बेडकाचा गळा हलत होता. सारजाबाईनं ओंजळ नवऱ्यापुढं केली. "धरता?"

त्रिंबकानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगं," तो म्हणाला. "तुझ्यापाशीच असू दे."