दोन खांबांचा वाटा

न्यायाधीश घर पाहायला येणार म्हणून रत्मीने अंगण झाडून घेतले. घर सागवानी होते. लग्नानंतर तिने आणि प्रियोनोने मिळून उभारलेले. जागा मात्र सासूची. ब्लोराकडच्या गावांत म्हातारे माणूस हयात असताना त्याच्याकडे जागेचा कागद मागणे म्हणजे त्याच्या मरणावर डोळा ठेवणे. रत्मीने तो कधी मागितला नाही. वास्तूच्या पंगतीत सासू सर्वांदेखत म्हणाली होती, "ही जागा आता तुमची." घटस्फोटानंतरच्या वाटणीच्या दाव्यात कोर्टाने एवढे एक वाक्य मानले, तर निम्म्या जागेवर तरी रत्मी आणि तिची मुलगी राहू शकणार होत्या.

फणसाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. दारी आलेले पाहुणेच, म्हणून तिने सर्वांना चहा दिला, प्रियोनोच्या वकिलालाही.

"साखर कमी आहे," प्रियोनो म्हणाला.

"नवीन बायको आणलीयेस ना, तिला सांग घालायला."

शेजारणी तोंडावर हात धरून हसल्या. न्यायाधीशांनी सासूला पुढे बोलावले.

"आजी, ही जागा तुम्ही या दोघांना दिली होती का?"

म्हातारीने मुलाकडे पाहिले. तो नखे न्याहाळत होता.

"राहू दिलं होतं, साहेब. दिली नव्हती."

"आई! पंगतीत काय म्हणाला होतात?"

"पंगतीत गोडच बोलतात गं, पोरी. मला शेवटी याच्याच हातचं पाणी प्यायचंय."

पंगतीला जेवलेले सगळे तिथेच उभे होते. जो तो आपल्या कपातल्या चहाकडे पाहत होता.

निकाल लागला: जागा सासूची, घर दोघांचे, निम्मे-निम्मे. दुसऱ्याच्या जागेवरचे घर विकत घेणार कोण? तेव्हा लाकूडच वाटून घ्यायचे ठरले. ज्यांनी घर उभारायला हात लावला होता, तेच शेजारी रिवाजाप्रमाणे बिनमजुरीने उतरवायला आले. फळ्या वाटल्या, कौले वाटली. छप्पर पेलणाऱ्या मधल्या चार खांबांपाशी पाइदी सुतार थांबला.

"वहिनी, दोन खांबांवर छप्पर उभं राहत नाही."

"त्याचं राहील?"

"त्याचंही नाही."

प्रियोनो लांबूनच ओरडला, "कोर्टानं सांगितलंय तसं कर!"

रत्मीने होकारार्थी मान हलवली. पाइदीने सांध्यातली पाचर ठोकून काढली.

तिच्या वाट्याचे लाकूड भावाच्या गोठ्यामागे पडले. घर बांधण्याएवढी जागा त्याच्याकडेही नव्हती. संध्याकाळी भावजय खांबावरून हात फिरवत म्हणाली, "जुना साग आहे वन्सं. पलंग मस्त होतील. गिऱ्हाईक बघू का?"

"बघ," रत्मी म्हणाली.