काशीबाईंचं ‘होय म्हाराजा’

सन अठ्ठावन्नात धोंडूला मुंबईच्या गोदीत नोकरी लागली आणि इकडे तारकर्लीत त्याच्या बायकोची, आनंदीची, झोप उडाली. नोकरीमुळे नव्हे हो, खोलीमुळे! खोल्या दोन मिळत होत्या. एक कुर्ल्याला, धोंडूचा दोस्त गणपत याने बघून ठेवलेली. दुसरी गिरगावात, काशीबाईंच्या खोलीला अगदी लागून.

काशीबाई म्हणजे धोंडूची सख्खी मावशी. आई गेल्यावर घरात त्यांचाच शब्द चालायचा. जत्रेसाठी म्हणून मुंबईहून आल्या, जत्रा संपून दहा दिवस झाले, तरी आनंदीच्या चुलीपुढून हलायला तयार नाहीत. आनंदीने माशाचं सार चुलीवर चढवलं की बाई हजर. मीठ टाक, कोकम टाक, आणि तिरफळं तर मूठभर! आपल्या हातचं सार कसं लागतं हेच पोरगी विसरली होती. आता जन्मभर हेच, तेही गिरगावात? तिला रडूच फुटलं.

“कुर्ल्याक काय माणसां रवतत?” काशीबाई म्हणाल्या. त्यांनी कुर्ला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

धोंडूने डोकं खाजवलं. मावशीला नाही म्हणायची छाती नाही, बायकोला नाही म्हणायचीही नाही. असला नवरा! शेवटी म्हणाला, “देवीक कौल लावूया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदी केळ्यांचा फणा घेऊन शिवातात्यांकडे गेली. कौल लावण्याआधी देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

“तात्यानू, गाऱ्हाण्यात माझोय एक बोल घाला,” असं म्हणून तिने तो सांगितला.

तात्या पोट धरून हसले. “घालतंय गो. पण काशी गप रवात?”

“ती खंय ऐकता? ती नुसती वरडता.”

खरंच होतं ते. गाऱ्हाण्यात एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. चौथ्या वाक्यानंतर कोणी ऐकत नाही, सगळे फक्त थांबा कधी येतो ते बघतात. त्यात काशीबाईंना मुंबईला राहून गाव विसरलो नाही हे दाखवायचं असायचं, म्हणून त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

गुरवाने देवीला दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर गिरगाव, डावी पडली तर कुर्ला. तात्यांनी हात जोडले.

“बा देवी म्हाराजा, ह्या तुझा लेकरू मुंबैक चल्लाहा, तेका सांबाळ!”

“होय म्हाराजा!”

“तेच्या वाटेतली इडापिडा दूर कर!”

“होय म्हाराजा!”

“आनी आनंदीच्या सारात दुसऱ्या कोणी हात घालूचो नाय, काशीन बोलावल्याबगर तिच्या चुलीकडे पाय टाकूचो नाय!”

“होय म्हाराजाऽऽ!” काशीबाईंनी देऊळ दणाणून सोडलं.

काशीबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

“मेल्या शिवा, काय म्हटलंस तू?”

“मी म्हटलंय तां ऱ्हवांदे. तू देवीसमोर होय म्हटलंस मा?”

तेवढ्यात उजवी पाकळी पडली. गिरगाव! धोंडूने घाबरत घाबरत बायकोकडे पाहिलं.

“गिरगाव तर गिरगाव,” आनंदी म्हणाली. तिला हसू आवरेना.

दुपारी बांगड्याचं सार चुलीवर रटरटू लागलं. काशीबाई सवयीने आल्या आणि उंबऱ्याशी गपकन थांबल्या. चुकून पुढे जायला नको म्हणून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

“तिरफळां मूठभर घाल गो!”

आनंदीने मोजून चार टाकली. काशीबाई उंबऱ्याबाहेर या पायावरून त्या पायावर होत राहिल्या. शेवटी आनंदीलाच दया आली. वाटीत थोडं सार घेऊन तिने बाहेर पुढे केलं.

“चाखून सांगा, मावशी. पण थंयच, हां!”

काशीबाई फुंकर मारून सार प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, “चार पुरे झाली गो.”

आणि रिकामी वाटी परत आत धरली.