मोर्चा निघालाच नाही

सोयाबीनच्या काढणीत सगळा तांडा शेतात वाकलेला असताना वसराम राठोडाचा कुलदीप पुण्याहून न कळवता घरी आला. खांद्याला क्लबची निळी बॅग, दाढी वाढलेली. मिराबाईनं विळा बांधावर टाकला आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवला.

"सुट्टी हाय का रं?"

तो नुसता "हं" म्हणाला आणि घरात जाऊन आडवा झाला.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या मागच्या माळावर त्यांचा तांडा. तिथलं कुणी पोलिसात गेलं होतं, कुणी एसटीत लागलं होतं, पण पगार घेऊन फुटबॉल खेळणारा कुलदीप पहिलाच. आश्रमशाळेतल्या एका मास्तरांनी त्याचे पाय ओळखले आणि त्याला सरकारी क्रीडा वसतिगृहात धाडलं. तिथून तो पुण्याच्या एका क्लबात गेला. देशातल्या मोठ्या लीगमधला त्याचा पहिला सामना टीव्हीवर लागला, तेव्हा नाईक शंकरसिंगांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाईक म्हणजे तांड्याचा कारभारी. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्या दिवशी नाइकांनी वसरामला हाताला धरून आपल्या शेजारी खाटेवर बसवलं होतं. खेळ कुणालाच कळत नव्हता. पडद्यावर कुलदीप दिसला की बाया ओरडायच्या, एवढंच.

म्हणून गोरेगावच्या किराणा दुकानदारानं पेपर पुढं केला, तेव्हा लेकाचा फोटो बघून वसराम आधी हसलाच.

"हसू नका वसरामभाऊ," दुकानदार म्हणाला. "बंदी घातलीय पोरावर. अख्खा हंगाम. इंटरनेटवर कायतरी वंगाळ लिवलं म्हणतेत."

"काय लिवलं?"

"ते न्हाई छापलेलं. 'अशोभनीय' म्हणून सोडून दिलंय."

वसरामला वाचता येत नव्हतं. पेपर घडी करून त्यानं बंडीच्या खिशात घातला आणि तडक घर गाठलं. कुलदीप मागच्या पडवीत गुडघे जवळ घेऊन बसला होता.

"काय लिवलंस तू?"

"काही न्हाई, बा. मॅच हरलो. मग नेटवर भांडण झालं. समोरच्यानं आधी शिव्या घातल्या, मी उलटून बोललो. त्याला कुणी काही म्हणलं न्हाई. मला धरलं."

"तुलाच काहून?"

कुलदीपनं जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "आपण लमाणी म्हणून."

वसरामला पुढं काही विचारायची गरज वाटली नाही. हे कारण त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. मिराबाई चुलीपुढून उठून आली, तिनं क्लबवाल्यांच्या नावानं बोटं मोडली आणि पोराच्या ताटात अजून एक भाकर वाढली. ती भाकर कुलदीपनं तशीच ठेवली.

संध्याकाळी वसराम नाइकांच्या ओसरीत गेला. ऐकता ऐकता शंकरसिंग खाटेवरून उठून उभे राहिले.

"पोटावर पाय देऊन राहिले का आपल्या पोराच्या? जीपा सांगा. गुरुवारी कलेक्टर हाफिसावर जायचं. आजूबाजूच्या तांड्यांनाबी कळवा."

ते कळवायचं काम वसरामनंच अंगावर घेतलं. काढणी बायकोच्या गळ्यात टाकून तो तांडोतांडी हिंडला. प्रत्येक ठिकाणी पागोटं सावरत उभा राहायचा आणि एकच सांगायचा, "माझं पोरगं कुणाला वाईट बोललं असंल तर माझी जीभ झडो." लोक माना डोलवायचे. एका म्हातारीनं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बा, राहू दे ना," कुलदीप एकदा म्हणाला. "कशाला मोर्चा? बंदी काय आज ना उद्या संपंल."

"तू गप बस. भेऊ नको. आमी हावोत."

कुलदीप उठून पडवीत गेला. वसरामला वाटलं, पोरगं भिडस्त आहे.

बुधवारी दुपारी नीलम आली. वसरामची ही धाकटी लेक हिंगोलीला डी. एड. करत होती आणि तिथंच वसतिगृहात राहायची. घरात न जाता ती सरळ शेतात आली. ताडपत्रीवर सोयाबीनचा ढीग पडला होता आणि वसराम दाण्यातली माती पाखडत होता.

"बा, उद्याचा मोर्चा बंद करा."

"काहून?"

"मी वाचलंय दादानं काय लिवलं ते. ऑर्कुट म्हणून असतंय, त्याच्यावर त्यानं सगळ्या जगाला दिसंल असं लिवलंय. माझ्या वर्गातल्या पोरींनीच मला नेट कॅफेत नेऊन दाखवलं. म्हणल्या, हा तुझा भाऊ ना?"

"समोरच्यानं शिव्या दिल्या होत्या त्याला."

"समोरच्यानं काही न्हाई दिल्या. समोरचा कोण हाय ठाऊक हाय का तुमाला? इबोम्चा."

वसरामच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

इबोम्चा त्याला ठाऊक होता. मणिपूरचा पोरगा. दोन वर्षं पुण्यात कुलदीपच्या खोलीत राहायचा, मग गोव्याच्या क्लबात गेला. कुलदीपचा पाय मोडला होता तेव्हा वसराम पुण्याला गेला होता, तर या पोरानं त्याला आपली खाट दिली आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपला. कुलदीपचे कपडे तोच धूत होता. वसरामचं मोडकं हिंदी ऐकून तो हसायचा आणि त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचा. निघताना त्यानं वसरामला स्टँडपर्यंत पोचवलं होतं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

"त्यानं दादाच्या पायातला बॉल काढून गोल केला," नीलम सांगत होती. "त्या एका गोलानं दादाचा क्लब हरला. मग ह्यानं लिवलं."

"काय लिवलं ते सांग."

"बा, नका विचारू."

"सांग."

नीलम ताडपत्रीच्या कडेला बसली. वर न बघता, धडा म्हणावा तसं तिनं सांगितलं, "चपट्या नाकाचा चिनी. कुत्री खाणारी जात. चोरून खेळतेत, रक्तातच हाय त्यांच्या. आधी आपल्या देशात चालते व्हा." मग ती थांबली. "अजून एक ओळ हाय. त्याच्या बहिणीवर. ती मी तोंडातून काढणार न्हाई."

वसरामनं सूप ढिगावर ठेवून दिलं. रक्तातच आहे त्यांच्या. हे शब्द त्यानं असेच्या असे ऐकले होते. कुलदीप तेव्हा नुकताच चालायला लागला होता, आणि आठवडी बाजाराला वसराम त्याला खांद्यावर घेऊन गोरेगावला गेला होता. कुणाच्या तरी दुकानातून तांब्याची घागर गेली. गर्दीतून एक जण म्हणाला, "तो बघा लमाण, त्याला धरा, चोरी त्यांच्या रक्तातच असती." वसरामला पारावर बसवलं. मारलं कुणी नाही. नुसतं बसवलं, आणि येणारी-जाणारी माणसं बघत राहिली. ओळखीचीसुद्धा. उन्हं कलली तेव्हा घागर दुकानातच पोत्यांमागं सापडली. जा म्हणाले. पोर मांडीवर रडून रडून झोपून गेलं होतं. बोलणारा माणूस पुढं कितीदा तरी बाजारात दिसला. वसरामला बघून रामराम घालायचा, जसं काही झालंच नव्हतं.

आणि आता तेच शब्द त्याच्या घरातून निघाले होते. वर तो स्वतः तांडोतांडी आपली जीभ गहाण टाकून आला होता.

तो घरी आला तेव्हा कुलदीप खाटेवर पडला होता. नीलमला मागं बघून तो उठून बसला आणि त्याचं तोंड उतरलं.

"इबोम्चानं तुला शिव्या दिल्या होत्या?" वसरामनं विचारलं.

"न्हाई."

"लमाणी म्हणून धरलं तुला?"

"न्हाई, बा."

"मग खोटं काहून बोललास?"

"तुमी विचारलं… मला काही सुचलं न्हाई. तेवढं म्हणलं की तुमी पुढचं विचारणार न्हाई, हे ठाऊक होतं मला."

मिराबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. वसरामला वाटलं, पोराला एक ठेवून द्यावी. हात उचललासुद्धा; पण तो हात त्यानं आपल्याच कपाळाला लावला.

"क्लबच्या सायबांनी बोलावलं होतं," कुलदीप अडखळत म्हणाला. "इबोम्चाला फोन लावतो, माफी माग, म्हणाले. मी म्हणलो, गंमत केली, एवढं काय त्यात. मग बंदी घातली त्यांनी. मला तेव्हा खरंच वाटलं, बा, की त्यात काय एवढं. सगळीच पोरं बोलतेत."

"आन् आता?"

कुलदीपनं मान गुडघ्यात घातली.

गुरुवारी सकाळी जीपा आल्या. बाया ठेवणीतली, आरशांच्या भरतकामाची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घालून आल्या होत्या. शेजारच्या तांड्यांची माणसं चालत आली होती. कुणीतरी कापडावर अक्षरं रंगवून आणली होती, ती वसरामला वाचता येत नव्हती आणि कुणाला विचारायची हिंमतही नव्हती. तो पुढं झाला, पागोटं काढून हातात घेतलं.

"नाईक, मोर्चा न्यायचा न्हाई. माझ्या पोराची चूक हाय."

गलका झाला. वसरामनं सगळं सांगितलं. नीलमनं सांगितलेले शब्दही सांगितले. कुलदीप बापाच्या मागं उभा होता. त्याला कुणी उभं केलं नव्हतं, तो आपणहून आला होता.

शंकरसिंग मिशीवरून बोट फिरवत खाली बसले. मग म्हणाले, "चुकलं पोराचं. पण वसराम, नुसत्या बोलण्यापायी वर्षाचा खेळ बंद? मारलं का त्यानं कुणाला? जीपा आल्याच हायेत. शिक्षा कमी करा म्हणून तर सांगू."

"व्हय," दोघं-तिघं म्हणाले. "पोरगं लहान हाय."

वसरामनं मान हलवली. "मला गोरेगावच्या पारावर बसवलं होतं, ते तुमाला ठाऊक हाय, नाईक. मारलं मलाबी न्हाई कुणी. नुसतं बोललेच. ते बोलणाऱ्याला त्या टायमाला कुणी एक दिवस जरी घरी बसवलं असतं ना, तर मी पुढं त्या बाजारात मान वर करून हिंडलो असतो." त्यानं मागं वळून लेकाकडे बघितलं. "हा माझ्या मांडीवरच व्हता तवा."

नाईक उठले. जीपवाल्यांना त्यांनी परत जा म्हणून हात केला. माणसं पांगली. ज्या म्हातारीनं वसरामच्या पाठीवरून हात फिरवला होता, ती त्याच्याजवळून गेली, पण थांबली नाही. कापड कुणीतरी गुंडाळून बैलगाडीत टाकलं.

कुलदीपच्या मोबाइलला तांड्यात रेंज नव्हती. दोघं बापलेक माळाच्या वरच्या अंगाला गेले.

"इबोम्चाला लाव," वसराम म्हणाला.

पलीकडून "हॅलो" आलं तसा कुलदीपनं फोन बापाच्या हातात दिला. वसराम गडबडला.

"बेटा, मैं वसराम. कुलदीप का बाप. तुम मेरे कू खाट दिये थे…" "हमारे छोरे ने बहुत बुरा किया. मैं माफी मांगता."

पलीकडून ओळखीच्या मोडक्या हिंदीत आवाज आला, "अंकल, आप क्यों बोलता है? आपने नहीं लिखा. उसको दो."

वसरामनं फोन पुढं धरला. कुलदीपनं तो दोन्ही हातांनी घेतला. "इबो," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. रडता रडता माफी मागत राहिला, परत परत, तेच ते. मग ऐकत राहिला. मग फोन खाली घेतला.

"काय म्हणला?"

"म्हणला, त्याच्या बहिणीनं वाचलंय. इंफाळला तिच्या कॉलेजात पोरींनी दाखवलं तिला." कुलदीपनं बाहीनं तोंड पुसलं. "म्हणला, ठीक हाय, तू खेळ. पण मला परत फोन करू नको."

वसरामच्या डोळ्यांपुढं नीलम आली, ताडपत्रीच्या कडेला मान खाली घालून बसलेली. लेकाचं सांत्वन करावं असं त्याला वाटलं नाही, आणि तसं वाटलं नाही याचंही त्याला वाईट वाटलं.

तो हंगाम कुलदीपनं तांड्यावरच काढला. सोयाबीन झालं, मग हरभरा, गहू. सकाळी माळावर एकटाच धावायचा. आश्रमशाळेच्या पोरांना तो खेळ शिकवायला लागला, पण तिथल्या मास्तरांनी आधी त्याच्याकडून सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मगच बॉल हातात दिला. पुढच्या वर्षी क्लबनं त्याला परत बोलावलं. राखीव खेळाडूंत ठेवलं.

गोव्याच्या क्लबाशी सामना होता, त्या दिवशी नाइकांनी वसरामला मुद्दाम बोलावणं धाडलं. वर्षभर तो त्या ओसरीकडे फिरकला नव्हता. गेला, आणि खाटेवर न बसता दाराशी टेकून उभा राहिला. शेवटच्या थोड्या वेळासाठी कुलदीपला मैदानात उतरवलं. सामना बरोबरीत सुटला. संपल्यावर दोन्हीकडचे खेळाडू ओळीनं एकमेकांचे हात हातात घेत पुढं सरकायला लागले. इबोम्चा एकेकाशी हसून बोलत येत होता. कुलदीप आला. त्यानं हात पुढं केला. इबोम्चानं त्या हाताला हात लावला आणि पुढच्या खेळाडूकडे बघत तो पुढं सरकला.

"बघ, मिटलं की," शंकरसिंग खुशीत म्हणाले. "हात दिला त्यानं."

"व्हय," वसराम म्हणाला, आणि कुणी तोंडाकडे बघायच्या आत पायताण घालायला वाकला.