पाण्याच्या टोकाशी ऐकलेलं पुस्तक

माझ्या धाकट्या लेकीचा, शैलजाचा, मुलगा उष्टावला त्या वर्षी मी अक्षरं शिकले. नातवाच्या ओठांना भात लागला आणि माझ्या बोटांना खडू. आमचा वर्ग, आम्ही नारळाच्या काथ्याचं सूत काढायचो त्या अंगणातच भरायचा, काम सुटल्यावर. शिकायची पुस्तकं संपली आणि पुढे काय वाचायचं ते कळेना. गावच्या वाचनालयात कपाटं भरून पुस्तकं, आणि मी दारात उभी, परक्या लग्नात आल्यासारखी. म्हणून मैत्रिणींना विचारलं.

"मोठ्या अक्षरांचं घे," चेल्लम्मा चेची म्हणाली. आमच्या रहाटाचं चाक ती फिरवायची, वयानेही सगळ्यांत मोठी, म्हणून चेची, म्हणजे थोरली ताई. "आणि बारीक बघ. जाडं घेतलंस तर ते संपायच्या आत तू संपशील."

"रडवणारं घे," अम्मिणी म्हणाली. "रडवत नाही ते पुस्तक म्हणजे अळणी पेज."

"तुला काय, तू लग्नपत्रिका वाचूनही रडशील," चेल्लम्मा म्हणाली.

पंकजाक्षी त्या दिवशी अंगणात नव्हती. छातीत काथ्याची धूळ बसून तिने अंथरूण धरलं होतं. मी तिच्या घरी गेले. तिला विचारायचाच अवकाश, ती म्हणाली, "नावाड्याचं आण. आणि इथे बसून वाच."

नावाड्याचं पुस्तक आम्ही पूर्वी ऐकलेलं होतं. वासू माष, म्हणजे मास्तर, शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारी अंगणात येत, चाकापाशी स्टुलावर बसून आम्हाला वाचून दाखवत. पंकजाक्षी आणि मी एकाच रहाटावर सूत काढायचो. कमरेला काथ्या खोचायचा, त्याचं टोक चाकाला अडकवायचं आणि बोटांतून सोडत सोडत उलट्या पावली मागे जायचं, थेट खाडीच्या पाण्यापर्यंत. माषचा आवाज किरटा. अंगण अर्धं ओलांडलं की चाकाच्या कुरकुरीत तो बुडून जायचा. मी बाजूला बघून विचारायची, "काय झालं गं?" पंकजाक्षीचे कान तिखट. ती सांगायची. परत चाकापाशी आलो की माष पुढचं वाचत असायचे. सगळी पुस्तकं मी अशीच ऐकली, अर्धी माषकडून, अर्धी तिच्याकडून.

नावाड्याच्या पुस्तकातली एक जागा तिने मला पाण्याच्या टोकाशी सांगितली होती. कोरन नावाच्या नावाड्याची मुलगी बुडते. तो नाव चालवणं सोडत नाही. एका संध्याकाळी पलीकडच्या काठावरून हाक येते. तो नाव घेऊन जातो, तर काठावर कुणी नाही. रिकामी नाव वळवतो. पण येताना नाव जड. पाणी नावेच्या कडेपर्यंत चढलेलं, जसं माणूस बसल्यावर चढतं. कोरन मागे वळून बघत नाही. सगळी खाडी ओलांडतो, घाटाला नाव लावतो आणि समोर बघतच म्हणतो, "उतर पोरी, सांभाळून. पायरी ओली आहे." आणि नाव हलकी होते.

ते ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं सूत तुटलं होतं.

पंकजाक्षीची उषा त्याच खाडीत गेली होती, पाच वर्षांची असताना. उषाचं नाव ती कधी काढायची नाही. नावाड्याचं मात्र काढायची.

"ती जागा मला छापलेली बघायचीय," ती खोकत म्हणाली. "ऐकीव किती दिवस पुरवू? छापलंय म्हणजे कुणीतरी जाणतं माणूस तसं म्हणालंय. त्या ओळीवर एकदा बोट ठेवते, मग मी मोकळी."

मी पुस्तक घरी आणलं. ओळीखाली बोट धरून, अडखळत, एकेक पान वाचलं. कोरन होता. मुलगी बुडाली. पुढे कोरन म्हातारा झाला, त्याने नाव विकली आणि भावाकडे राहायला गेला. पुस्तक संपलं. हाक नव्हती. जड नाव नव्हती. मला वाटलं, माझंच वाचणं कच्चं, पान सुटलं असेल. पुन्हा वाचलं. नव्हतंच.

चेल्लम्माला जाऊन विचारलं. ती तर माषच्या मांडीशीच बसलेली असायची.

"असलं काही नव्हतं," ती म्हणाली. "माझा एक शब्दही सुटला नाही. तुम्ही दोघी पार पाण्यापर्यंत जायच्या, तिथे तुम्हाला कावळा तरी ऐकू यायचा का?" मग तिचा आवाज उतरला. "भार्गवी, वाचल्यासारखं कर. तिला कुठे अक्षर येतंय?"

तेच ठरवून मी गेले. पंकजाक्षीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. मी वाचू लागले, ती डोळे मिटून ऐकत राहिली. मुलगी बुडते ते पान आलं आणि गेलं. तिने डोळे उघडले आणि आपलं बोट पुढे केलं. सुताने घासून घासून त्या बोटाची रेघ न् रेघ गेली होती.

"आता येईल. कुठल्या ओळीत आहे? ठेव माझं बोट तिथे."

मी तिचं बोट धरलं. समोरच्या ओळीत लिहिलं होतं, त्या वर्षी मासळी कमी मिळाली. तिला काय कळणार होतं? पण मला ती ओळ वाचता येत होती. तिचं बोट मला त्या मासळीवर ठेववेना.

"पंकजम, ते यात नाही गं. मी सगळं बघितलं. चेल्लम्माही म्हणते, माषनी असं कधी वाचलंच नाही."

मला वाटलं, मी तिला मारलं.

"मग मला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"तूच रचलं असशील."

"मी? मला मीठमिरचीची गोष्ट धड रचता येत नाही. नवऱ्याला साधी थाप मारता आली नाही कधी." ती हसली, खोकली. "भार्गवी, चालताना माष कुठे असायचे?"

"समोर. चाकापाशी."

"आणि आपल्या पाठीशी?"

"पाणी."

"ते मला पाठीकडून ऐकू यायचं," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, माषचाच आवाज भिंतीवर आपटून येतोय. पण तिकडे भिंत कुठे होती?"

इतकी वर्षं मीही त्याच पाण्याकडे पाठ करून चालले होते.

तिने स्वतःच बोट खाली नेलं आणि पानावर दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत ठेवलं. "इथे आहे. वाच."

मी वाचलं. हाक, रिकामा काठ, जड झालेली नाव. छापलेल्या प्रत्येक ओळीला अडखळणारी मी, तिथे एका शब्दाला अडले नाही. "पायरी ओली आहे" म्हटलं तेव्हा तिने बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

अजूनही कुणी विचारतं, आजी, पुढे काय वाचू? मी नावाड्याचं पुस्तक सांगते. त्यात नाही ते समोर बसवून ऐकवते, आणि मग पुस्तक हातात देते.

मी अक्षरं शिकले त्याच वर्षी पंकजाक्षी ओणमच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.