कवडूच्या गळ्याची शपथ

इंदुताईंचा पारा तसा एरवीही चटकन चढतो, पण त्या दिवशी सीताबर्डीच्या हॉलमध्ये चढला तो न्यायानं चढला, हे आधीच सांगितलेलं बरं.

गांधीबागेत त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. घरात त्या आणि लेक रितिका, दोघीच. रितिका दहावीत असताना एकदा त्या दुकानातून घरी आल्या आणि पाहतात तर काय, कॉम्प्युटरवर पोरगी एका पहारेकऱ्याच्या मागून दबकत गेली आणि तिनं सरळ त्याचा गळा चिरला. इंदुताईंच्या हातातली पिशवी तिथंच पडली. किल्ल्यातून पेटी पळवायची, पहारेकऱ्यांना मारा नाहीतर चुकवा, ज्याची त्याची मर्जी, असा खेळ आहे म्हणून रितिकानं परोपरीनं सांगितलं. पण ऐकतंय कोण.

"माझ्या गळ्याची शपथ घे," त्या म्हणाल्या. "यातल्या एकालेबी मारनार नाईस."

पोरीनं आईच्या गळ्याला हात लावला आणि शपथ घेतली. खेळ मात्र सुटला नाही. ती सावलीसावलीनं जायला शिकली, खडा फेकून पहारेकऱ्याला भलतीकडं पिटाळायला शिकली, आणि एखादा फारच आडवा आला तर गुंगीचा रुमाल नाकाला लावून त्याला झोपवायला शिकली. गंमत म्हणजे ज्यांना हा खेळ डोळ्यांसमोर नको होता, त्या इंदुताईच मेथी निवडत मागं बसून पाहू लागल्या. नुसतं पाहतील तर त्या इंदुताई कसल्या! किल्ल्याच्या वेशीवर एक जाडा पहारेकरी सारखा जांभया देत उभा असायचा. त्याचं नाव त्यांनी कवडू ठेवून टाकलं. रितिकानं त्याला झोपवून दगडी पायऱ्यांवर टाकलं की या चिडायच्या. असा नको टाकू वं त्याले, मान आखडन त्याची, गवतावर ने. मग रितिका मुकाट्यानं त्याला ओढत गवताच्या गंजीवर नेऊन कुशीवर निजवायची. वेळ वाया जायचा, पण आईशी वाद कोण घालणार.

यंदा सीताबर्डीत याच खेळाची स्पर्धा लागली. पहिल्या नंबराला हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार होतं, आणि कॉलेज सांभाळून रितिकानं सहा महिने त्याचाच ध्यास घेतला होता. हॉलच्या दारावर फलक होता: कोणाच्याही नजरेस न पडता जो पेटी घेऊन आधी बाहेर पडेल, तो विजेता. इंदुताईंनी तो येताना वाचला आणि पाणी प्यायला गेल्या तेव्हा पुन्हा वाचला.

अंतिम फेरीत समोर होता लकडगंजचा दुर्गेश. किल्ला दोघांना एकच, पेट्या मात्र दोन, ज्याची त्याची वेगळी. तो दिसेल त्याला कापत निघाला होता, मोठ्या पडद्यावर रक्ताचा नुसता सडा, आणि पब्लिक शिट्ट्या मारत होती. रितिकाच्या पडद्यावर काहीच घडत नव्हतं. दिवे विझत होते, माणसं झोपत होती. दुर्गेश तळघरातच होता तोवर ती पेटी घेऊन वेशीशी पोचलीसुद्धा. एक पाऊल टाकलं की संपलं.

नेमकं तेव्हा आयोजक कृष्णकांतसाहेबांनी माइक हातात घेतला आणि खेळ थांबवला. म्हणे अंतिम फेरीत निदान एक तरी बळी पाहिजे, लोकांनी बघायचं काय? इंदुताई ताडकन उठल्या. हे फलकावर कुठं लिहिलं आहे, असं त्यांनी भर हॉलमध्ये विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं, बसा तुम्ही. मग रितिकाकडं वळून म्हणाले, तो जाड्या पडलाच आहे की दाराशी. एक सुरा मार आणि जा हैदराबादला.

खेळ पुन्हा सुरू झाला. मार, मार, असा हॉलभर गलका उठला. दुर्गेश तळघराचा जिना चढू लागला होता. रितिकाची बोटं हलेनात. इंदुताई पाहत होत्या. पोरीची सगळी मेहनत हा माणूस दिवसाढवळ्या लुटतो आहे, आणि तिचा हात कशानं बांधला आहे? आपल्याच शपथेनं. तो विचार त्यांना सोसवेना.

"शपथ सुटली!" त्या बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "मार त्याले!"

रितिकानं मान वळवून आईकडं पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "कवडू आहे वं तो."

इंदुताईंनी पडद्याकडं पाहिलं. गवताच्या गंजीवर कुशीला वळून तो घोरत होता, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसा. दुर्गेश आपली पेटी घेऊन त्याच्या बाजूनंच धावत बाहेर पडला. शिट्ट्या झाल्या, कप दुर्गेशला गेला.

गर्दी ओसरेपर्यंतसुद्धा इंदुताईंनी दम धरला नाही. त्या थेट स्टेजवर चढल्या. मावशी, खेळ आहे हो शेवटी, असं साहेब हसून म्हणाले.

"खेळ आहे ना? मंग त्यात एक जीव वाचला तं तुमचं काय जाऊन राहिलं?" इंदुताई म्हणाल्या. "कप द्या कोनालेबी. पन माझ्या तोंडातून मार म्हनवून घेतलं तुम्ही. ते कसं वापस करान?"

साहेबांनी माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि ते चहा घ्यायला निघून गेले.

दोघी ऑटोनं घरी निघाल्या. रितिका बाहेर पाहत होती. रडली असती तर इंदुताईंना जड गेलं नसतं, पण ती रडत नव्हती. शेवटी त्यांनीच तिचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि शपथ पुन्हा घे म्हणाल्या.

रितिकानं हात अलगद काढून घेतला.

"मी कुठं सोडली होती, आई? सोडली तं तू."