नावाबरोबर माणूस

सॉफ्टवेअरने विचारलं, ‘ही व्यक्ती स्वतःची आजी आहे. तरीही नोंद करायची का?’

तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा चढवला. प्रश्न जागचा हलला नव्हता. ‘नाही’ म्हटलं तर पुढची हरकत हजर. कुणाच्या आईचा जन्म मुलानंतरचा, कुणाचे पणजोबा चक्क बाई. खाली हरकतींची नुसती रांग लागली होती.

बाबा गेल्यापासून सुट्टी मिळाली की ती आईकडे यायची आणि त्यांच्या टेबलाशी बसायची. खुर्चीच्या गादीला त्यांच्या बसण्याचा खळगा पडला होता. ती आपली कडेकडेने बसे, त्यामुळे पाठ भरून यायची.

बाबा एका गोदामाचे व्यवस्थापक होते. निवृत्त झाल्यावर माल सुटला, मग त्यांनी माणसं धरली. साऱ्या गोतावळ्याची एक एक्सेल फाईल केली. एका ओळीत एक माणूस. नाव, स्त्री की पुरुष, वडील, आई, जन्म, मृत्यू, फोन आणि सगळ्यात शेवटी शेरा. नातेवाईक त्यांना ‘जनगणना’ म्हणत. ‘आली जनगणना, आता पोटातल्याचीही नोंद होईल,’ असं आत्या म्हणायची आणि बाबा खरोखरच खिशातून पेन काढायचे.

तिच्या धाकट्या भावाने त्यांना वंशावळीचं सॉफ्टवेअर हौसेने आणून दिलं होतं. बाबांनी ते उघडलंसुद्धा नाही. ‘माझी माणसं ओळीत बरी आहेत,’ ते म्हणाले. ‘त्यांना झाडावर कशाला चढवतोस?’

आता चढवायची पाळी तिची होती. आत्याची नजर मंदावत चालली होती. तिला दिसतंय तोवर माहेरचं सगळं झाड मोठ्या कागदावर छापून द्यायचं, असं भावाबहिणीत ठरलं होतं. फाईल सॉफ्टवेअरमध्ये ओतायची की झालं, असं भावाला वाटत होतं. आधी तिलाही वाटलं होतं.

दुपारपर्यंत तिने ओळीमागून ओळ तपासली आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. नावं सगळी अकारविल्हे लागली होती. पण फक्त नावं. बाकीचे रकाने होते तिथेच होते. नाव एकाचं, जन्म दुसऱ्याचा, आईबाप तिसऱ्याच्या वाटचे. एखादा रकाना क्रमाने लावताना एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का? कुणीतरी ‘नको’ म्हटलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण? बाबा कुणाला फाईलला हात लावू देत नसत. दुसरी प्रतही ठेवत नसत. दोन प्रती झाल्या की दोन सत्यं होतात, असं त्यांचं म्हणणं. आणि हीच चूक करू नकोस म्हणून तिला कॉलेजात असताना त्यांनीच बजावलं होतं. ‘खोक्यावरची चिठ्ठी आणि आतला माल एक पाहिजे. नावाबरोबर माणूस हलला पाहिजे.’

शेवटच्या वर्षी डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, की विसरण्याकडे जरा लक्ष ठेवा. तिने ते मानलं नव्हतं. बाबा तिच्याशी फोनवर नीट बोलत, तारखा सांगत, तिच्या चुका काढत. मग हे कधी झालं? कुठल्या दिवशी ते इथे बसून आपलीच माणसं अशी विस्कटत होते, आणि ती फोनवर ‘बरे आहात ना?’ विचारून मोकळी होत होती? फाईल शेवटची कधी बदलली ते पाहावं, तर कालच तिने ती उघडून स्वतः सेव्ह केली होती.

फोन वाजला. भाऊच.

“ताई, छापणारा विचारतोय. झालं का?”

“सगळी नावं सरकलीयत. परत जुळवावी लागतील.”

“सरकली म्हणजे? कुणी सरकवली?”

तिने गादीच्या खळग्यावरून हात फिरवला.

“बाबांनीच ना?” तो हळू म्हणाला. “शेवटी शेवटी त्यांचं तसंच व्हायला लागलं होतं. तुला दिसलं नाही?”

“तुला दिसलं होतं तर बोलला का नाहीस?”

“तुझ्यापुढे कोण बोलणार? तू तर डॉक्टरांनासुद्धा गप्प केलंस.”

तिने ‘करते मी’ म्हणून फोन ठेवला आणि पडद्यावरची खिडकी बंदही केली नाही, उघडीही ठेवली नाही. खाली ढकलली फक्त.

आई चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन्ही कप हातात धरून उभी राहिली.

“कसली एवढी उरस्फोड चाललीय?”

“फाईल बिघडलीय, आई.”

“छे. ह्यांची फाईल कशी बिघडेल?” आई पलंगाच्या कडेवर टेकली. “फोन नंबर तेवढे चुकीचे आहेत. तेवढं मात्र मी म्हणेन. आयुष्यभर मिरवले, माझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. आणि वेळेला एक लागेल तर शपथ!”

“कुठल्या वेळेला?”

“हे गेले तेव्हा. तुम्ही दोघं दवाखान्यात कागदपत्रं करत होतात. मी म्हटलं, नुसतं बसून काय करू, लोकांना कळवते. फाईल उघडली, तर नावं कुठली कुठे. मावशी शोधायची तर डोळे फुटायची वेळ. मग ह्यांनी दाखवलं होतं तसं नावांवर बोट ठेवलं आणि ओळीने लावून घेतली.”

तिने आईच्या हातातून आपला कप घेतला. “त्याने काही विचारलं का तुला? बाकीचं सोबत हलवू का म्हणून?”

“काहीतरी विचारत होतं. मी म्हटलं, मला नावंच पाहिजेत, बाकीचं असू दे जिथल्या तिथे. ह्यांचं उगीच काही हलायला नको.” आईने घोट घेतला. “मग मावशीला लावला, तर उचलला तुझ्या चुलतबहिणीच्या नवऱ्याने. आवाज न ओळखता मी आपली ‘मावशी गं’ म्हणून रडतेय.”

“मग?”

“मग काय, तोही रडला. चांगला आहे तो मुलगा. काकांना लावला तर दुसरंच कुणी. पण कळायचं त्या सगळ्यांना कळलं बाई. एकाला सांगितलं की पुढे जातंच.”

ती हसली. मग खिडकीकडे तोंड करून बसली. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती. बाबांनी काहीही विस्कटलं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत नावाबरोबर माणूस होता. भावाला आत्ताच कळवावं असं वाटलं, मग म्हटलं राहू दे. सांगायचं तर आईचं नाव सांगावं लागेल, आणि तो आधी ओरडेल, मग विचार करेल.

“माझं काही चुकलं का गं?” आईने विचारलं.

“नाही. नावं अगदी नीट ओळीत लागलीयत.”

आईने तिच्याकडे थोडं जास्तच वेळ पाहिलं. “मग तुझं काय अडलंय?”

“मी शेरा वाचते. तू माणूस सांग.”

तिने मोकळा रकाना घातला आणि वरून सुरुवात केली. “‘शिंकला की शेजारचं बाळ उठायचं.’”

“तुझे चुलत आजोबा. थोरले. पुढे?”

“‘दिलेलं पुस्तक परत करत नाही.’”

“तो माझा भाऊ. आणि खोटं आहे ते. एकदा केलं होतं त्याने परत.”

“‘जन्मतारखा दोन सांगते. दोन्ही ठामपणे.’”

आईने कपातून डोळे वर केले. मग म्हणाली, “बघ हं. म्हणजे माझ्यामागे हे असं लिहीत होते.” पण पदर सावरून ती खुर्चीजवळ सरकली होती.

काही शेऱ्यांवर आई अडली. मग वडिलांचं नाव वाचून भावंडं लावली, भावंडांवरून वहिनी लावल्या. काही ठिकाणी सरळ नंबर फिरवून ‘कोण बोलतंय?’ असं विचारलं. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं. काम अर्ध्यावरही आलं नव्हतं. दोघींचे डोळे लाल झाले होते, पण सॉफ्टवेअरला जितक्या ओळी दिल्या तितक्या त्याने मुकाट्याने घेतल्या.

मग एक ओळ आली, तिच्यात शेरा नव्हता.

“इथे काहीच नाही,” ती म्हणाली. “बाकी प्रत्येकाला आहे. हा कोण?”

“काहीच नाही?” आई वाकून पाहायला लागली. “मग दुसरं कोण असणार? स्वतःबद्दल कधी बोलले ते?”

तिने बाबांचं नाव त्या ओळीत परत ठेवलं. मृत्यूच्या चौकटीत तारीख टाकली. सॉफ्टवेअरने ती खात्री न विचारता घेतली. शेऱ्याची चौकट मात्र उघडी राहिली, आणि आत कर्सर उघडझाप करत राहिला.

“लिही काहीतरी,” आई म्हणाली. “आत्या वाचेल.”

“काय लिहू?”

आईने रिकामे कप एकात एक घातले. उठताना गुडघ्यावर हात टेकला.

“लिही, फाईलला कुणी हात लावलेला खपायचा नाही.” दारापाशी ती थांबली, वळली मात्र नाही. “आणि बायकोने लावलाच, असं लिही.”

तिने लिहिलं.

“सेव्ह केलंस?” आतून आवाज आला.

“केलं.”

“मग पुढचा वाच. मला ऐकू येतंय इथून.”