अख्खी गोळी

प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने पूर्वी साथीचे रोग ओळखायला यायचे. ताप कुठं पसरतोय हे डॉक्टरांच्या आधी गटाराला कळतं, असं साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगत. मग सुरक्षा खात्याची माणसं आली आणि तिथल्या एका तरुण संशोधिकेला नवं काम मिळालं. पाण्यात एका विशिष्ट गोळीचे अंश शोधायचे. गोळी स्नायूंच्या दुर्मिळ आजारावरची. शहरात ती घेणारे मोजकेच, आणि त्यांतला एक जण बेपत्ता होता : अटकेतल्या लोकांचे खटले चालवणारा एक वकील. त्याला आसरा देणाऱ्यालाही तुरुंग होता.

घरात शिरायला वॉरंट लागतं. घरातून वाहून आलेल्या पाण्याला लागत नाही.

शोधायची पद्धत तिनंच बसवली होती. आधी मुख्य वाहिनी, मग वस्ती, मग गल्ली. प्रत्येक टप्प्यावर अंश सापडला की तिला गणित सुटल्यासारखा आनंद व्हायचा. नकाशावर शेवटी आलेली गल्ली मात्र तिच्या ओळखीची निघाली. तिथं तिची मावशी एकटीच राहायची, आणि मावशीनं उभा जन्म त्याच वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं होतं.

रविवारी ती मावशीकडे गेली.

“या, या, शास्त्रज्ञबाई! वाट चुकलात वाटतं?”

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

“मावशी, आत कोण आहे ते मी विचारत नाही.”

“मग नको विचारूस. बस.”

“ते घेतात ती गोळी शरीरात मोडते. तिचे तुकडे संडासातून आमच्याकडे येतात. ही गल्ली सापडलीय.”

“म्हणजे आता माणसानं पोटसुद्धा सरकारला विचारून साफ करायचं?”

“थट्टा सुचतेय तुला!”

“मग काय गळा काढू?”

दार उघडलं. वकिलांची एक पापणी अर्धी मिटलेली होती आणि शब्द जड येत होते. “गोळी बंद केली तर मला घोटभर पाणी गिळता येत नाही, बाळ. मी संध्याकाळी जातो. टायपिस्टबाईंना यात अडकवायचं नाही.”

“टायपिस्टबाई काय अडकवायची वस्तू आहे?” मावशी फणकारली. पण तिनं त्यांच्या पिशवीत गोळ्या भरायला घेतल्या.

दोनतीन दिवसांत गल्लीचा नमुना कोरा येणार होता. तिनं मनातल्या मनात तो आलेखही काढून ठेवला.

मंगळवारचा आलेख वेगळाच आला. मोडलेल्या गोळीचे तुकडे जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या शेजारी अख्ख्या गोळीचा एवढा उंच सुळका, की यंत्राची मोजपट्टी अपुरी पडली. तिला क्षणात उलगडा झाला. मागं राहिलेल्या गोळ्या मावशीनं संडासात टाकल्या होत्या. भाचीनं सांगितलं होतं ना, की शरीरात मोडलेले तुकडे सापडतात. मग न खाल्लेली गोळी कशी सापडेल? मावशीच्या तर्कात खोट नव्हती. सांगणारीनंच अर्धवट सांगितलं होतं : यंत्राला अख्खी गोळीही दिसते.

आकडे खात्याकडे आपोआप जायचे. तासाभरात खात्याचा माणूस साहेबांच्या खोलीत हजर.

“याचा अर्थ काय, मॅडम?”

“त्यानं गोळ्या फेकल्या आणि तो गेला,” ती म्हणाली. आवाज स्थिर राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “आता तिथं शोधून उपयोग नाही.”

“तो गेला असेल. फेकणारं घर तर जागेवरच आहे ना?” तो शांतपणे म्हणाला. “आणि आपण पाण्यात काय शोधतो हे त्या घराला कुणी सांगितलं, तेही त्यांनाच विचारू.”

साहेबांनी चष्मा पुसला. “पाइपवर तीन इमारती आहेत. तिन्हींचे चेंबर वेगवेगळे तपासावे लागतील. तूच जा यांच्याबरोबर, म्हणजे नमुना बिघडायचा नाही.”

गल्लीत ऊन होतं. नमुने घेणाऱ्यानं पहिल्या इमारतीच्या चेंबरचं झाकण पहारीनं उचललं. ती पाठमोरी उभी राहून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मान खाली. वर बघायचं नाही, एवढं एकच ती स्वतःला बजावत होती. बाटल्या भरल्या की निघायचं, आणि मग प्रयोगशाळेत काय करता येईल ते बघायचं. नमुना बिघडवणं तिला कधी जमलं नव्हतं. आज जमवायचं होतं.

“अगं!” वरून खणखणीत आवाज आला. “खाली काय उभी राहिलीस परक्यासारखी? वर ये ना! घर कसं चकाचक केलंय बघ!”

तिसऱ्या इमारतीच्या खिडकीत मावशी हात हलवत होती. दूरचं तिला धड दिसत नसे. भाचीची पाठ तेवढी तिनं ओळखली होती.

नमुने घेणाऱ्याच्या हातातली पहार तशीच राहिली. खात्याच्या माणसानं खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटली होती.

“जा की वर,” तो म्हणाला. “एवढ्या प्रेमानं बोलावतायत. आम्हीही येतो.”